रास्पबेरी पाय सुरू होत नाही? आधी केबल, मग कार्ड, शेवटी बोर्ड

रास्पबेरी पाय म्हणजे हातावर मावणारा, एकाच बोर्डाचा छोटा संगणक; त्याची प्रणाली मायक्रोएसडी कार्डावर असते. बोर्डावरचा लाल दिवा लागतो, हिरवा लागत नाही आणि पडदा काळा. एवढ्यावरून 'बोर्ड गेला' असं ठरवून नवा मागवणारे बरेच असतात. मग नवा बोर्डही त्याच चार्जरला आणि त्याच कार्डावर लावला की तोही 'गेलेला' निघतो. रास्पबेरी पायचा बिघाड शोधायचा तर बाहेरून आत यावं: आधी वीज, मग कार्ड, मग जोडलेल्या वस्तू आणि सगळ्यात शेवटी बोर्डावरच्या चिप. केबल बदलायला मिनिट लागतं आणि कार्ड नव्याने लिहायला पाव तास, पण चिप बदलायला हॉट एअर स्टेशन आणि सराईत हात दोन्ही लागतात.

खालची माहिती मुख्यतः पाय ३, ३ बी प्लस, ४ आणि ५ यांच्यासाठी आहे. जवळ हवं ते एवढंच: साधा डिजिटल मल्टीमीटर, खात्रीचं दुसरं कार्ड, खात्रीचा दुसरा चार्जर, कार्ड रीडर आणि दोन-चार फीमेल जंपर वायर.

सगळ्यात आधी बोर्ड मोकळा करा. हॅट (वर बसवायचा जोड-बोर्ड), जीपीआयओवरच्या म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिनांवरच्या तारा, यूएसबीच्या वस्तू, कॅमेऱ्याची रिबन सगळं काढा, आणि केसमधूनही बाहेर काढा. धातूच्या केसचा एखादा स्क्रू बोर्डाच्या खालच्या सोल्डरला टेकलेला असतो आणि आपण दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. बोर्ड लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून तो आला तिच्यावर मात्र चालू बोर्ड ठेवू नका, कारण तिच्या पृष्ठभागातून वीज वाहू शकते.

वीज: चार्जरवर लिहिलेला आकडा विसरा

बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेलं की बोर्ड स्वतःच 'व्होल्टेज कमी' अशी नोंद करतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं ते तेव्हाच. म्हणजे केबलमध्ये घालवायला आपल्याजवळ अर्धा व्होल्टसुद्धा नसतो. म्हणूनच कंपनीचे अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतात.

आता केबलचा हिशेब करू. स्वस्त मोबाइल केबलमध्ये बहुधा २८ गेजची तार असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम. एक मीटर केबलमध्ये वीज जाते एका तारेतून आणि परतते दुसऱ्या तारेतून, म्हणून एकूण ०.४२ ओहम. बोर्डाने २ अँपिअर ओढले की केबलमध्येच ०.८४ व्होल्ट जिरले. चार्जर ५.१ देतो आणि बोर्डाला मिळतात ४.२६. हाच हिशेब २० गेजच्या तारेवर केला तर घट येते फक्त ०.१३ व्होल्ट. फोन अशा केबलवर बिनतक्रार चार्ज होतो, कारण तो कमी प्रवाह घेऊन जुळवून घेतो. पाय जुळवून घेत नाही, तो रीसेट होतो. त्यामुळे 'याच चार्जरवर माझा फोन चालतो' हा पुरावा इथे चालत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना लांबी कमी आणि तार जाड हे दोनच निकष धरा. वरच्या कापडी विणकामाचा त्याच्याशी संबंध नाही.

व्होल्टेज मोजायचं ते चार्जरवर नव्हे, बोर्डावर. यूएसबी पोर्टपासून लांबच्या टोकाला, बोर्डाच्या कडेकडच्या रांगेत पहिली पिन क्रमांक २, तिच्यावर ५ व्होल्ट असतात. तिच्याच शेजारी आतल्या रांगेत क्रमांक १ आहे, तिच्यावर ३.३ व्होल्ट. प्रोब घसरून या दोन्ही पिनांना एकदम टेकला तर ५ व्होल्ट थेट ३.३ च्या रेषेत जातात आणि चांगला बोर्ड तपासणीतच मरतो. म्हणून वीज बंद असताना पिन २ वर फीमेल जंपर बसवा आणि लाल प्रोब त्याच्या दुसऱ्या टोकाला जोडा. काळा प्रोब यूएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाला मगर-चिमट्याने लावा, ते कवच ग्राउंडच आहे. मग वीज द्या.

रिकाम्या बोर्डावर ५ च्या वर आकडा दिसायला हवा. मग बोर्डाला काम द्या: चारही कोअर ताणणारा स्ट्रेस प्रोग्रॅम चालवा, यूएसबीच्या वस्तू एकेक करून लावा आणि आकडा कुठवर उतरतो ते पाहा. ४.७५ च्या खाली जात असेल तर केबल बदला, तरीही जात असेल तर चार्जर. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. ती बोर्डालाच विचारावी लागते.

त्यासाठी टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी' ही आज्ञा आणि तिच्यापुढे 'गेट_थ्रॉटल्ड' लिहा (vcgencmd get_throttled). उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५०००५' असं काही आलं तर दोन अंक बघायचे: अगदी शेवटचा म्हणजे आत्ताची स्थिती, आणि उजवीकडून पाचवा म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी घडलेलं. दोन्ही अंक बेरजेने बनतात: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेगाला मर्यादा घातली, ४ म्हणजे वेग उतरवला, ८ म्हणजे तापमानाची मऊ मर्यादा गाठली. तेव्हा ५ म्हणजे १ अधिक ४, व्होल्टेज पडलं आणि त्यामुळे वेग उतरला. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी की अंक विषम असेल तर विजेकडे बघा. नऊच्या पुढे अक्षरं येतात, त्यातली बी, डी, एफ विषम समजा. अंक शून्य नसून सम असेल, म्हणजे आत १ नसेलच, तर दोष उष्णतेचा. आणि '०एक्स५००००' आलं, म्हणजे आत्ता ठीक पण मघाशी पडलं होतं, तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. रात्री दोनला अचानक रीस्टार्ट होणाऱ्या बोर्डाचं कारण बहुधा त्या पाचव्या अंकात सापडतं.

मॉडेलनुसार काही खास गोष्टी. पाय ३ ला २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५. जून २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या पाय ४ च्या यूएसबी-सी सॉकेटमध्ये डिझाइनची चूक होती: ओळख पटवणाऱ्या दोन रेषांना वेगवेगळे रोधक द्यायचे ते एकच सामाईक दिला गेला. परिणामी ज्या केबलमध्ये ई-मार्क चिप (केबलची क्षमता सांगणारी) असते, म्हणजे लॅपटॉपबरोबर येणाऱ्या महागड्या केबल, त्यांवर चार्जर वीजच देत नाही. साधी केबल लावली की तोच बोर्ड चालतो. आवृत्ती १.२ पासून हे दुरुस्त झालं. इथे स्वस्त केबल चांगली ठरते, पण तेवढाच अपवाद.

पाय ५ च्या बाबतीत ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर लावूनही 'वीज अपुरी' असा संदेश येतो. असे चार्जर जास्त वॅट देतात ते ९, १५, २० व्होल्टवर; ५ व्होल्टवर बहुतेकांची मर्यादा ३ अँपिअरच असते. मग बोर्ड चालतो, पण यूएसबीच्या चारही पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर ही मर्यादा १.६ अँपिअर होते. पाय ५ वर एसएसडी मध्येच गायब होत असेल तर आधी हे तपासा.

एकही दिवा लागत नाही

पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांवर वीज आत येते तिथे पॉलिफ्यूज असतो. जास्त प्रवाह गेला की तो तापून मार्ग अडवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा मोकळा होतो, पण पूर्ण सावरायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. सॉकेटवर ५ व्होल्ट आहेत आणि पिन २ वर २-३ च, तर बोर्ड दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा बघा. घाईत पिन २ वर थेट ५ व्होल्ट देऊ नका; त्या वाटेवर फ्यूज नाही, म्हणजे शॉर्ट असेल तर त्याला अडवणारं कोणीच नाही.

चुकून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागला असेल तर सॉकेटजवळचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बोर्डाला वाचवायचा प्रयत्न करतो. अशा वेळी वीज काढून पिन २ आणि ग्राउंड यांच्यात मल्टीमीटरची कंटिन्युटी (दोन टोकं थेट जोडलेली आहेत का ही चाचणी) लावली की मीटर बीप देतो. तो डायोड काढल्यावर बीप थांबली तर बोर्ड वाचला असण्याची शक्यता आहे. डायोड त्याच मापाचा नवा बसवा, जागा रिकामी ठेवून काम चालवू नका.

हिरवा दिवा काय सांगतो

हिरवा दिवा कार्डाच्या हालचालीचा असतो, पण सुरू होताना अडखळलं तर तोच ठरावीक लयीत लुकलुकून कारण सांगतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि सावकाश मोजा. फक्त छोट्या झपक्या असतील तर: ४ म्हणजे कार्डावरची स्टार्ट फाइल सापडली नाही, ७ म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) सापडला नाही, ८ म्हणजे रॅममध्ये दोष. पहिली तक्रार कार्डाची, दुसरीही कार्डाची, तिसरी मात्र खरंच बोर्डाची. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे कार्डावरचं पार्टिशन (विभाग) फॅट या फाइल-पद्धतीचं नाही. चार लांब आणि चार छोट्या म्हणजे कार्डावरची प्रणाली या बोर्डाला ओळखत नाही. पाय ३ साठी लिहिलेलं जुनं कार्ड नव्या बोर्डात घातलं की हे होतं. चार लांब आणि सहा किंवा सात छोट्या म्हणजे वीजपुरवठ्यातला बिघाड.

पाय ३ मध्ये कार्ड नसेल तर लाल दिवा लागतो, हिरवा लागत नाही आणि पडद्यावर काहीच येत नाही. चांगल्या बोर्डाचंही हेच वागणं आहे, म्हणून कार्डाशिवाय पाय ३ तपासून काही कळत नाही. पाय ४ आणि ५ मध्ये बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बोर्डावरच्याच एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. कार्ड काढा, पडदा जोडा, वीज द्या. काही सेकंदांत बोर्डाची माहिती पडद्यावर आली, तर प्रोसेसर, रॅम, पडद्याचं सॉकेट आणि वीज या चारही गोष्टी एका फटक्यात निकालात निघतात आणि संशय कार्डावर उरतो.

पडदा काळाच राहिला तर बूटलोडर खराब झालेला असू शकतो. दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा कार्ड लिहायचा प्रोग्रॅम उघडा, त्यातल्या किरकोळ युटिलिटी प्रतिमांमध्ये बूटलोडर निवडा, आपलं मॉडेल बघून 'एसडी कार्ड बूट' हा पर्याय घ्या आणि कुठल्याही सुट्या कार्डावर लिहा. ते कार्ड घालून वीज दिली की दुरुस्ती आपोआप होते. हिरवा दिवा न थांबता भराभर लुकलुकू लागला आणि पडदा हिरवा झाला की काम झालं. हे न करता पाय ४ मेला असं जाहीर करू नये.

कार्ड

लोडशेडिंग आणि लिहिणं चालू असतानाच खेचलेला प्लग हे कार्डाचे दोन मोठे शत्रू. त्यांच्या खालोखाल नकली कार्ड. नकली कार्ड संगणकाला ६४ जीबी सांगतं, आत चिप ८ जीबीची असते. पहिले काही दिवस सगळं छान चालतं; खरी जागा भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि एक दिवस प्रणाली उठतच नाही. नवं कार्ड वापरात घेण्याआधी लिनक्सवर 'एफ३' (f3) किंवा विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' (H2testw) ने ते पूर्ण भरून वाचून बघा. ६४ जीबीला तास-दोन तास लागतात, पण तो वेळ वाया जात नाही.

चालू प्रणालीत 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेचं उत्तर वाचा. त्यात 'एमएमसी०' (mmc0) या नावापुढे टाइमआउट किंवा त्रुटी वारंवार दिसत असतील तर कार्डाचा किंवा सॉकेटचा दोष समजा. वेग मोजायला रास्पबेरी पाय डायग्नोस्टिक्स हे अधिकृत साधन आहे. ए१ प्रतीच्या कार्डाने सलग लिहिताना सेकंदाला १० एमबी, आणि विखुरलेल्या कामात सेकंदाला ५०० वेळा लिहिणं व १५०० वेळा वाचणं एवढं द्यायला हवं. प्रणाली एकदम फक्त-वाचनाच्या स्थितीत गेली असेल तर आधी फाइली उतरवून घ्या, मग तपासा. कार्ड मरायला टेकलं की ते बहुधा असाच निरोप देतं.

नवं कार्डही चालत नसेल तर सॉकेट बघा. भिंगातून एखादी वाकलेली किंवा हिरवट पडलेली पत्ती दिसते. कोकणात पावसाळाभर उघडा राहिलेला बोर्ड असेल तर हे हमखास तपासा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने साफ करून पूर्ण वाळू द्या. जिथे वीज वारंवार जाते तिथे 'रास्पी-कॉन्फिग' (raspi-config) या सेटिंगच्या साधनातली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग रोजचं लिहिणं रॅममध्ये होतं आणि कार्डाला धक्का लागत नाही. अर्थात जपून ठेवायची माहिती त्यावेळी दुसरीकडे लिहावी लागते.

३.३ व्होल्ट गेले असतील तर

वीज ठीक, कार्ड ठीक, तरी लाल दिव्याखेरीज काही नाही. आता पिन १ आणि यूएसबीचं कवच यांच्यात मोजा. ३.३ च्या अगदी जवळचा आकडा हवा. तो शून्य असेल किंवा एखादा व्होल्टच असेल तर वीज काढा आणि त्याच दोन ठिकाणी रोध मोजा. दोन-चार ओहम किंवा त्याहून कमी आला तर रेषा शॉर्ट आहे. शॉर्ट नसूनही ३.३ येत नसतील तर व्होल्टेज बनवणारी चिप गेली. मार्च २०१८ मध्ये आलेल्या ३ बी प्लसमध्ये हे विशेष पाहायला मिळतं. तिथे बोर्डाला लागणारी वेगवेगळी व्होल्टेज एकच पॉवर चिप बनवते आणि पिन १ व २ क्षणभर जोडल्या गेल्या तरी ती बळी पडते.

शॉर्ट कुठे आहे हे बोटाने शोधता येतं. वीज दिल्यावर पाच-दहा सेकंदांत चटका बसेल इतकी एखादी चिप तापली तर दोष तिथे. बोटाला कळत नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावा आणि थोडा वेळ वीज द्या. जिथून ते सगळ्यात आधी उडेल तो भाग. छोटा कपॅसिटर असेल तर तो बदलून बोर्ड वाचतो. कार्ड नसतानाही प्रोसेसर झपाट्याने तापत असेल तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडावा. पायच्या किमतीत तो उद्योग परवडत नाही.

जीपीआयओची एखादी पिन जळली

या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात. ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला की पिन जळते, आणि दुर्दैव असेल तर प्रोसेसरही. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर: त्याची एको पिन ५ व्होल्ट देते. एकोपासून १ किलोओहमचा रोधक, तिथून ग्राउंडला २ किलोओहमचा, आणि दोघांच्या मधल्या जोडापासून पायला तार. ५ चे ३.३३ होतात. दुसरा गुन्हेगार म्हणजे मोटर किंवा रिले थेट पिनवर लावणं. एका पिनमधून १६ मिलिअँपिअर आणि सगळ्या मिळून ५० च्या पुढे जाऊ नका.

संशय असलेल्या पिनवरून सगळं काढा. समजा जीपीआयओ १७, म्हणजे पिन ११. 'पिनसीटीआरएल सेट १७ आयपी पीयू' (pinctrl set 17 ip pu) लिहिलं की आतला पुल-अप, म्हणजे पिनला ३.३ व्होल्टकडे ओढणारा रोधक, लागतो आणि 'पिनसीटीआरएल गेट १७' (pinctrl get 17) ने हाय दिसायला हवं. शेवटी 'पीयू' ऐवजी 'पीडी' (pd) लिहिलं की लो. दोन्हीवेळा एकच उत्तर आलं तर पिन गेली. जीपीआयओ २ आणि ३ यांना ही चाचणी लावू नका, त्यांच्यावर बोर्डावरच १.८ किलोओहमचे पक्के पुल-अप आहेत आणि त्या चांगल्या असूनही कायम हाय दिसतील.

उष्णता आणि बाकीचं

८० अंशांच्या पुढे प्रोसेसर वेग उतरवू लागतो, ८५ ला चांगलाच. ३ बी प्लस तर ६० लाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. खोलीपेक्षा बोर्ड किती अंश वर जातो हा फरक साधारण तसाच राहतो. पुण्यात हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा बोर्ड नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंशांत ८९ कडे निघेल, म्हणजे वाटेतच अडेल. तेव्हा चाचणी हिवाळ्यात घेतली असेल तर हा हिशेब करूनच पंखा नको असं ठरवा.

पाय ४ ला हार्ड डिस्क लावल्यावर बोर्ड बंद पडतो, कारण चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात आणि डिस्क फिरायला लागताना एकटीच तेवढे मागते. स्वतःची वीज असलेला हब लावा. यूएसबी ३ ची डिस्क जोडली की २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय किंवा ब्लूटूथ माउस अडखळतो, तो दोष नव्हे, यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट आहे. डिस्क लांब केबलवर न्या किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर. पाय ४ वर पडदा येत नसेल तर वीज-सॉकेटच्या जवळचं एचडीएमआय वापरा आणि पडदा आधी चालू करून मगच बोर्डाला वीज द्या. कॅमेरा सापडत नसेल तर रिबनची चकाकती बाजू बघा: पाय ४ वर ती एचडीएमआयकडे हवी. शिवाय कॅमेऱ्याच्या पुढच्या भागातलं छोटं पिवळं कनेक्टर निसटलेलं असतं, ते अंगठ्याने हलकेच दाबलं की टक् आवाज येतो.

कधीकधी कारण यातलं कुठलंच नसतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये असं लक्षात आलं की झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की पाय २ तत्क्षणी बंद पडतो. वीजपुरवठ्याची यू१६ ही चिप उघड्या सिलिकॉनची होती, आणि तेवढ्या प्रखर प्रकाशाने ती बिथरायची. पाय २ अजून वापरात असेल तर त्या चिपवर अपारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा.